दसऱ्याच्या दिवशी बंद असलेलं दार

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यासाठीच डबा भरत होते. गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. फोनवर त्यांची ठाण्याहून आलेली भाची होती. "ताई, मावशी पहाटे गेली. आम्ही तिला घेऊन लगेच निघतोय, आमच्यात थांबत नाहीत." मी परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गाडी ठाण्याच्या वाटेला लागलीसुद्धा होती. त्यांच्या लोकांची दफनभूमी आमच्या भागात कुठं नाही. म्हणजे माझं शेवटचं भेटणं झालं ते आदल्या संध्याकाळी, दवाखान्यात. आणि त्या संध्याकाळी बाईंनी विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर न देताच मी उठून आले होते... आज पाच आठवडे झाले. त्या उत्तराचं आता काय करायचं, मला कळत नाही.

रिबेकाबाई चुडाव्याच्या शाळेत गणित शिकवायच्या. गावाच्या तोंडी त्या रबकाबाई. वडील रेल्वेत होते, कोकणातून बदलीवर आलेले. ते गेल्यावर बाई इथंच राहिल्या, लग्न केलं नाही. बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठीच बोलणारे ज्यू, असं त्यांनी मला आठवीत सांगितलं तेव्हा मला त्यातलं काहीच समजलं नव्हतं. एवढं दिसायचं की पितृपक्ष संपून आमच्याकडं घट बसायचे, त्याच सुमाराला त्यांचं नवं वर्ष लागायचं. 'नव्याचा सण' म्हणायच्या त्याला. सफरचंदाची फोड मधात बुडवून हातावर ठेवायच्या, वर्ष गोड जावं म्हणून. त्या सणाला मेंढ्याचं शिंग फुंकतात हे कळल्यावर माझ्या वडिलांनी, बापूंनी, आपल्या कळपातल्या एका म्हाताऱ्या मेंढ्याचं शिंग स्वतः उकळून, पोकळ करून त्यांना नेऊन दिलं. बाईंनी गाल फुगवून फुंकलं तर नुसती फुस्स हवा. बापू इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "बाई, हे काम तुमचं न्हाई. आमच्या मेंढ्याला लाज आणली तुमी!"

नव्याच्या सणापासून दहाव्या दिवशी त्यांचा मोठा उपास. पाण्याचा थेंबही नाही. पांढरी साडी नेसून, दारं-खिडक्या लावून बाई दिवसभर आत प्रार्थना करत, बाहेरच्या कुणाला दिसायचंही नाही. बहुतेक वर्षी तो दिवस दसऱ्याला किंवा त्याच्या आगेमागे यायचा, अधिक महिन्याचा घोळ असला तर महिनाभर चुकायचा. सगळं गाव सोनं द्यायला दारोदार फिरायचं आणि बाईंचं एकटीचं दार बंद. आणि त्या उपासाच्या आधी त्या घरोघर जायच्या, माफी मागायला. "वर्षभरात माझ्याकडून काही दुखावलं असेल तर माफ कर." देवाचं देवाकडं, पण माणसाची माफी माणसानंच द्यायची, असं त्यांच्यात आहे म्हणे. आम्ही सगळे ओशाळायचो. मीही दरवर्षी म्हणायचे, "काही नाही हो बाई, चहा घ्या."

ते खरं नव्हतं. मी बारावी झाले त्या वर्षी डी.एड.च्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. मूळ गुणपत्रिका बाईंकडं होती, कारण आम्ही मेंढरांमागं फिरणारे, पालात कागद टिकत नाहीत. दसऱ्याला बापू ती आणायला गेले आणि हात हलवत परत आले. "बाईनं दार उघडलं न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतची मुदत. मी पहाटे चालत चुडावा गाठलं, कागद घेतले, आणि नेमकी पॅसेंजर दोन तास उशिरा आली. परभणीला पोचले तर प्रवेशाची खिडकी बंद झालेली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. आज मी अंगणवाडीत आहे, वाईट काही नाही झालं माझं. पण शिक्षिका झाले नाही, आणि दर दसऱ्याला ते दार डोळ्यांपुढं यायचं.

त्या शेवटच्या संध्याकाळी बाई म्हणाल्या, "सणापर्यंत मी असेन-नसेन, यंदा आत्ताच विचारते." आणि मला काय झालं कोण जाणे, तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते बोलून दाखवलं. बाई दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुझ्या बापूंची हाक मी ओळखली होती. वाटलं, सोनं द्यायला आले असतील, उद्या भेटू. दुसऱ्या दिवशी तू धावत आलीस तेव्हा उमगलं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तू म्हणायचीस ना, काही नाही हो बाई. ते ऐकून मला बरं वाटायचं... मी तेवढ्यावर भागवायची."

मला राग आला, की रडू आलं, आज सांगता येणार नाही. "उद्या येते," म्हणाले आणि उठले.

परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाचीच्या सांगण्यावरून मी बाईंची चुडाव्याची खोली आवरायला गेले. बापूही हट्टानं आले. ऐंशीला टेकलेत, काठी लागते. मी पांढऱ्या साड्यांच्या घड्या घालत असताना ते बाईंच्या खुर्चीत बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या दिशी म्या दार वाजवलंच न्हाई, पोरी. रस्त्यावरून एक हाळी दिली नुसती. शेजारीण म्हणली, बाईला उपास हाय. म्या म्हणलं, बरं झालं. तू शिकाया गेलीस तर मेंढरं कोण बघंल, तुझी माय तर खाटंवर व्हती... तू जाऊ न्हाई, असंच वाटायलं होतं मला. बाईवर ढकललं म्या. लय चुकलं."

हातातली साडी मी खाली ठेवली. 'काही नाही हो बापू' तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं. मग मी म्हणाले, "लागलं होतं मला. खूप वर्षं लागलं होतं. पण माफ केलं."

बापूंनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "मला म्हणलीस का बाईला?"

मी खोलीभर पाहिलं. खरंच सांगता आलं नाही. मी उठले आणि इतके दिवस बंद असलेली खिडकी उघडली.