मंग चूक कोनाची?

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो आणि मी तिच्यावर चिडलेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. बायको गेली की लोक तिला देवी करून ठेवतात. शांता देवी नव्हती. पंचेचाळीस वर्षं तिनं माझं डोकं खाल्लं.

तिची खोड एकच. कोणतीही गोष्ट सांगा, घरातली, गावातली, टीव्हीतली. संपली की शांता विचारणार, "मंग चूक कोनाची?" उत्तर मिळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि एकदा तिनं निकाल दिला की दिला. शिरपूरच्या स्टँडवर माझ्या चहापायी एकदा आमची एसटी सुटली. दुसरी आली तरी ही बाकावरून उठेना. "पयले सांगा, चूक कोनाची?" कंडक्टर डबल बेल द्यायच्या बेतात. शेवटी साऱ्या गाडीसमोर मी "माही" म्हटलं, तेव्हा बाई चढल्या. तिच्या हातून भाकर करपली तर मात्र "चूक माही" म्हणून करपलेली आपल्याच ताटात घ्यायची. म्हणजे तिथंही मला भांडायला जागा नाही.

आमची सून वैशाली घरी राहून बी.ए. करते. तिला वहीत लिहून द्यायचं होतं: इंग्रजांच्या देशातल्या शेकडो वर्षं जुन्या दोन गोष्टी घ्या, कोणती कशी सांगितली आणि कोणती काय शिकवते, ते ताडून पाहा. तिला सुचेना, म्हणून ती आम्हाला मराठीत सांगायला बसली. मी म्हटलं, आसेगावात बसून आपल्याले कायले पायजे इंग्रजायच्या गोष्टी? शांतानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "तू सांग वं," म्हणाली.

पहिली एका शिपायाची. त्यानं एका पोरीवर जबरदस्ती केली. राजा त्याची मान कापणार होता, पण राणीनं वर्षभराची मुदत दिली: बाईला सगळ्यात जास्त काय पाहिजे असतं, ते शोधून आण. एका म्हातारीनं लग्नाच्या बोलीवर त्याला उत्तर सांगितलं, बाईला आपला शब्द चालायला पाहिजे असतो. शिपाई वाचला. लग्न झाल्यावर त्यानं खरंच तिचा शब्द मानला, तर म्हातारी तरणीताठी, देखणी झाली. मला गोष्ट झकास वाटली.

शांता शेंग हातात धरून थांबली. "आन् त्या पोरीचं काय झालं?"

वैशालीनं पानं चाळली. "पुढं तिचं काहीच लिवलं नाई, आत्याबाई."

"मंग हे कायची शिकवन? सांगनारा चांगला हाये, पन गोष्ट खोटी. चूक शिपायाची आन् बक्षीसबी त्यालेच."

दुसरी कोंबड्याची. त्याला स्वप्न पडलं, तांबडं जनावर आपल्याला धरून नेतं. तो भ्याला. कोंबडी म्हणाली, काही नाही, पित्त झालं तुम्हाला, पोट साफ करा. त्यावर कोंबडा जो बोलत सुटला तो थांबेचना. शिपायाची अख्खी गोष्ट वाटीभर दाण्यांत आटोपली होती. इथं कोल्हा यायच्या आतच दोन वाट्या भरल्या. शेवटी कोल्ह्यानं आवाजाची तारीफ केली, कोंबड्यानं डोळे मिटून बांग दिली आणि मान त्याच्या तोंडात दिली. मग पळता पळता कोंबड्यानंच त्याला फूस लावली, मागं लागलेल्या लोकांना चार शिव्या दे. कोल्ह्यानं तोंड उघडलं, कोंबडा झाडावर.

"सांगनारा लय घोळ घालते," शांता म्हणाली, "पन शिकवन खरी हाये. मंग चूक कोनाची?"

मी म्हटलं, कोंबडीची. नवरा जिवाच्या भीतीनं सांगतो आणि ही पित्त म्हणते. मला शांताला टोचायचंच होतं.

"कोंबडी काय डाक्टर हाये? तिले जे समजलं ते तिनं जीव लावून सांगतलं. चूक कोंबडीची नाई. लिव वं वैशाली."

वैशालीनं लिहिलं. मी शेंगा संपेपर्यंत भांडलो. शांतानं निकाल बदलला नाही.

जेवताना म्हणाली, "छातीत जळजळ करून राह्यलं." माझा राग अजून उतरला नव्हता. पित्त आहे, म्हटलं, ठेचा कमी खात जा. जिऱ्याचं पाणी करून दिलं. प्यायली. निजताना म्हणाली, बरं वाटते. खरंच वाटत होतं की मला गप्प करायला म्हणाली, ते आता कोण सांगणार.

सकाळी चहाला हाक मारली. उठली नाही.

अंगण माणसांनी भरलं. जो येईल तो विचारायचा, कसं झालं. मी प्रत्येकाला सांगत होतो, छातीत जळजळते म्हणाली, मी पित्त म्हटलं. पोरगा म्हणाला, बाबा, असं नका सांगू लोकायले. मी ओट्यावर जाऊन बसलो. सोललेल्या दाण्यांचं भांडं फडक्यानं झाकलेलं होतं, बाजूला वैशालीची वही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढं वाचता येतं. शेवटची ओळ होती, चूक कोंबडीची नाही.

वहीत पेन होता. मी 'नाही' खोडलं.