उष्टी हळद निघायच्या आधी

जितेश भुवड मुका नाहीये, घुमा आहे. आणि मी त्याचा दोस्त बंटी. भाईंदरच्या गोडदेवला रिक्षा चालवतो. तोंड बंद ठेवलं तर माझ्या पोटात दुखतं. त्यामुळे तिसरीपासून आमचं जमलं. त्याच्या वाटचं मी बोलायचो आणि माझ्या वाटचा मार तो खायचा.

पण त्याच्या गप्प बसण्याचं लोकांनी काय केलं, ते ऐका. बारावी झाली आणि त्याचे वडील गेले. तेराव्याला सगळे जेवायला बसलेले असताना काकाने विचारलं, "कॉलेज सोडून कारखान्यात लागतोस ना, जितू?" हा गप्प. काका बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "बघा, किती समजूतदार पोरगा आहे!" झालं. दुसऱ्या सोमवारी हा भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलच्या ताटांना पॉलिश मारायला उभा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा नाकातोंडात काळी भुकटी, फक्त डोळे पांढरे. त्याची एक गिटार होती. मामाच्या पोराला हवी झाली. "देतोस ना?" हा गप्प. गेली गिटार मामाच्या गावी, लांज्याला, आता तिच्यावर कोंबड्या बसत असतील. आमच्यात गप्प बसला म्हणजे हो म्हणाला. मला या गोष्टीचा इतका राग येतो ना, की काय सांगू!

दिव्याचं स्थळ आलं तेव्हाही तेच. ती विरारची, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला असते. चांगली, स्पष्ट बोलणारी मुलगी. पोहे खाऊन बाहेर पडल्यावर त्याच्या आईने, म्हणजे विमलाकाकीने, जिन्यातच विचारलं, "आवडली ना रे?" हा चपलेत पाय घालत राहिला. काकीने खाली उतरून पेढे घेतले.

त्याच्या आधी, पावसाळ्यात, आम्ही पुण्याच्या एका कॉन्सर्टची तिकिटं काढली होती. बाहेरच्या देशातला रॉक बँड. शाळेत आम्ही एकच इअरफोन दोघांच्या कानात घालून त्यांची गाणी ऐकायचो. मला शब्द कळायचे नाहीत, पण जितेशला सगळे पाठ. मैदानात पाणी भरलं म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला, आणि नवीन तारीख नेमकी कुठे आली? शनिवारी हळद, रविवारी लग्न, आणि शुक्रवारी कॉन्सर्ट! मी म्हटलं, गेली तिकिटं. तर हा घुमा आईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी जाणार."

काकीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दारात मेढ रोवून झाली होती. बिल्डिंगमध्ये माती कुठली, म्हणून तेलाच्या डब्यात रेती भरून त्यात उंबराची फांदी उभी केली होती. मेढ रोवली की नवऱ्याने वेस ओलांडायची नाही, असं त्यांच्या रत्नागिरीकडे मानतात. शेजारपाजारच्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. पण इतक्या वर्षांत पोराने पहिल्यांदा तोंडाने काही मागितलेलं. काकीने कपाटातून सासूचा अडकित्ता काढला, जुना, लोखंडी, मुठी गुळगुळीत झालेला. "हे लोखंड अंगावरनं काढायचं नाही," तिने त्याला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "आणि बंट्या, याला एकटा सोडू नकोस. आणशील ना परत?"

"आणतो ना काकी! पुण्याला चाललोय, लंकेला नाही," मी म्हटलं. निघताना देवापुढे नारळ फोडला तर तो आतून कुजका. एक आजी म्हणाली, शुभ असतं. दुसरीने तो गुपचूप पिशवीत घातला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

काशीमिऱ्याहून बस पकडली. घाट लागेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी बडबडत होतो, हॉलची सजावट, वरातीची गाडी, माझा नवीन कुर्ता. मध्येच तो म्हणाला, "बंटी, मला हे लग्न करायचं नाहीये."

मी हसलो. मला वाटलं, नवऱ्याला होते तशी धाकधूक असेल.

"दिव्या वाईट नाही. तिचा काही दोषच नाही. पण मला लग्नच करायचं नाही, हिच्याशी नाही आणि कुणाशीच नाही. मला कुणी विचारलंच नाही रे. विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत."

"अरे मेल्या, मग आत्ता सांगतोस? परवा लग्न आहे!"

"उद्या हळदीच्या आधी आईला सांगणार. माझ्या अंगाची उष्टी हळद विरारला निघाली, दिव्याला लागली, की संपलं. मग त्या पोरीचं आयुष्य मी नासवलं असं होईल."

"मी सांगू का काकीला? आत्ता फोन लावतो."

त्याने माझा मोबाईल धरला. "नाही. शपथ घे. या वेळी मीच बोलणार, माझ्या तोंडाने." मी शपथ घेतली. मोबाईल खिशात टाकला.

मैदानाच्या गेटवर त्याची झडती घेतली. गार्डने अडकित्ता वर धरला. "ये क्या है?"

"सुपारी का है भाई, शादी का है," मी म्हटलं.

"शादी में ले जाओ, अंदर नहीं जाएगा."

मी हुज्जत घातली, हात जोडले, शिव्याही घालून झाल्या. शेवटी रस्त्यापलीकडच्या पानवाल्याकडे ठेवला. त्याने तो आपल्या अडकित्त्यांमध्येच टाकला. जितेश रिकामा हात पँटला पुसत राहिला. काकीचे शब्द माझ्या कानात वाजत होते, आणि मी अंधश्रद्धाळू नाही हं, पण ती टपरी नेमकी कुठली ते दोनदा वळून बघून ठेवलं.

आत गेलो. पहिल्या गाण्याला जमीन हलायला लागली. आणि जितेशने तोंड उघडलं. तिसरीपासून ओळखतो मी त्याला, पण त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं! मानेच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी, प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द तो ओरडत होता. गाणी संपली, लोक टाळ्या वाजवत होते, तरी हा ओरडत होता. शब्द नाहीत, नुसताच ओरडा. आजूबाजूची पोरं आधी हसली, मग बाजूला सरकली. मी त्याचा दंड धरला. "पुरे झालं, घसा फाटेल!" त्याने ऐकलं नाही. मला खरंच भीती वाटली. इतकं सगळं याच्या आत होतं आणि मी शेजारी बसून बडबडत राहिलो होतो.

बाहेर आलो तेव्हा पानवाला टपरी बंद करत होता. अडकित्ता मिळाला. "चल, सुटलो," मी म्हटलं. जितेशने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

सकाळी घरी पोचलो तरी तेच. काकीने त्याला बघितलं, अंगभर हात फिरवला, अडकित्ता आहे ना पाहिलं आणि रडायलाच लागली. तो तिचे दोन्ही हात धरून उभा राहिला. ओठ हलले. "आई, मला..." एवढं वाऱ्यासारखं ऐकू आलं. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "बोलू नकोस बाळा. घसा पार बसलाय. उद्या दहा माणसं बोलायला येतील. काय ते नंतर सांग." आणि हळद-दूध आणायला गेली.

मी त्याला गॅलरीत ओढलं. "लिहून दे ना मग! नाहीतर मला शपथेतून सोड."

त्याने मोबाईलवर 'आई, मला' लिहिलं, आत भरलेल्या पाहुण्यांकडे बघितलं आणि खोडलं. तेवढ्यात त्याच्या मामेबहिणीने, मिनलने, त्याला पाटावर नेऊन बसवलं. बाया गाणी म्हणायला लागल्या. आंब्याच्या पानाने पायाला, गुडघ्याला, खांद्याला हळद लागली. प्रत्येक हात लागला की तो डोळे मिटायचा. अडकित्ता मुठीत घट्ट धरलेला. उरलेली हळद काकीने वाटीत काढली. मिनल वाटी, साडी आणि नारळ घेऊन विरारला निघणार होती. खाली गाडी उभी होती.

माझा फोन वाजला. दिव्या.

"बंटीभाऊ, त्यांना द्या फोन."

"अहो, त्याचा आवाज बसलाय."

"कान तर नाही ना बसले?"

बायांना ऊत आला. "नवरीचा फोन! स्पीकरवर लाव, स्पीकरवर!" मिनलने माझ्या हातून फोन घेतला, स्पीकर चालू केला आणि जितेशच्या पुढ्यात पाटावर ठेवला.

"जितेश, मी दिव्या. साखरपुड्यापासून मी तुमच्या तोंडून एक अख्खं वाक्य ऐकलेलं नाही. सगळे म्हणतात, लाजरा आहे. लाजरा मला चालेल. पण तुमची उष्टी हळद माझ्या घरी यायच्या आधी मला उत्तर पाहिजे. तुम्हाला हे लग्न करायचंय का? आवाज नसेल तर काहीतरी वाजवा. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. आणि गप्प बसलात तर मी ते हो धरणार नाही."

बाया खिदळल्या. "काय गं बाई धीट!" जितेशने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्याने अडकित्ता फोनजवळ नेला आणि दाबला.

कट्.

घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी नव्या गाण्याला सुरुवात केली. त्या गोंधळात अडकित्ता पुन्हा वाजला.

कट्.

पाटाजवळच्या दोघीतिघी थांबल्या. मग गाणं थांबलं. "ऐकलं मी," दिव्या म्हणाली. "थँक यू." आणि फोन कट झाला.

काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात हळदीची वाटी. तिने जितेशकडे बघितलं नाही. त्याच्याकडून उत्तर घ्यायची तिला सवयच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं.

"बंट्या, कितीदा वाजलं रे?"

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघत होती. जितेशने अडकित्ता खाली ठेवला आणि मला मान हलवून सांगितलं, बोल.

"दोनदा, काकी," मी म्हटलं.