माझा बाप दारू पीत नव्हता

"पाणी म्हण."

"पानी."

"पाणी. जीभ वर घे. पाणी."

"पानी."

सगळे हसले. मी आठवीत होते. मोहोपाड्याच्या कॉलनीत एस्तेरबाईंच्या हॉलमध्ये सकाळची प्रार्थना चालायची. बाईंचा नवरा कारखान्यात मोठा साहेब. रोजचा उतारा ठरलेला असायचा. कुणीतरी वाचायचा, मग बाई त्यावर मनन सांगायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाचायला माझा नंबर लागला होता. बाईंनी माझ्या हातातलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढून घेतलं आणि स्वतःच्या मुलीला दिलं.

"देवाचं वचन आहे, बाळा. अशा जिभेनं वाचायचं नसतं."

गोड आवाजात. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

माझी आई मागं चपलांजवळ बसलेली. ती बाईंकडे धुणीभांडी करायची. ती पण हसली. घाबरून हसली. ते हसू आठवलं की अजून ओकारी येते.

तेव्हापासून मला दुसरं काम लागलं. सतरंज्या घाल. कप उचल. बाईंचे आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते, हे त्या दर नाताळला सांगायच्या. माझे आजोबा कशाचे ख्रिस्ती झाले ते कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आम्ही कुठं बसतो त्यावरून कळत होतं.

माझा बाप, दावीद, त्या हॉलमध्ये कधी आला नाही. तो कंत्राटी कामगार, केमिकलची पिंपं हलवायचा. आम्ही लोधिवलीला राहायचो. पाळीला जायच्या आधी तो शास्त्र उघडायचा आणि बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा. "देव म्हनला, भिऊ नको रं, मी हाय." छापलेलं वेगळं असायचं. तो आपल्या तोंडानं वाचायचा. मग डोळे मिटून गप्प बसायचा. तेवढंच त्याचं मनन. मग डबा घेऊन निघायचा. खोकून खोकून गेला. दारूचा थेंब त्याला माहीत नव्हता. हे मी पुढं जे सांगणार आहे त्यासाठी सांगते.

मी मोठी झाले, चौकला मेडिकलमध्ये कामाला लागले. बाईंचं मनन आता फोनवर येऊ लागलं. रोज सकाळी वाचन, मनन, प्रार्थना. स्वच्छ आवाज, मागं बासरी.

मागच्या उन्हाळ्यात बाईंनी पळसदरीला धरणाजवळच्या एका बंगल्यावर शिबिर ठेवलं. मुंबईचे पाहुणे, देणग्या देणारे. बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तू साक्ष द्यायची." देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, ती साक्ष. मला खरंच आनंद झाला. मी चांगली साडी नेसून गेले. आई पण आली.

बाईंनी मला वरून खाली पाहिलं.

"ही नको गं. रोजची नाही आणलीस?"

बंगला राखणाऱ्या बाईची विटकी साडी त्यांनी माझ्या हातात दिली. दुसऱ्या बाईच्या घामाचा वास होता तिला. मी नेसले.

"आणि तुमच्या भाषेतच बोल. हाय, नाय, जे असेल ते. खरं वाटतं."

"काय बोलू?"

"बाबा दारू प्यायचे, मारायचे. घरात घाण. मग प्रभू भेटला."

"बाबा पीत नव्हते."

"अगं, तुमच्या वस्तीत पितातच की. देवाच्याच कामासाठी आहे."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अत्तराचा वास आला. वचनाला माझी जीभ विटाळ. भीक मागायला तीच जीभ पाहिजे.

त्या दिवशीचं वाचन हन्नाचं होतं. मूल होत नाही म्हणून हन्ना मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजक, म्हणजे तिथला पुजारी, तिला बघतो आणि ठरवून टाकतो, ही दारू प्यालीय. बाईंनी सुंदर वाचलं. मनन सांगितलं, "बघा, अपमान झाला तरी हन्ना किती नम्र!"

मग मला उभं केलं. समोर कॅमेरा.

मी म्हटलं, "एलीनं हन्नाला बेवडी ठरवलं. ती गप नाय बसली. ती म्हनली, मी प्याले नाय. मी बी तेच सांगते. माझा बाप दारू पीत नव्हता. मारत नव्हता. आमच्या घरात घान नव्हती. ही साडी माझी नाय. ही मला आत्ता नेसवली."

माईक बंद झाला. एक पाहुणा चहाकडे वळला. बाई डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, माझ्यातला दुष्ट आत्मा जावा म्हणून.

आईनं काय केलं? आई बाईंच्या पाया पडली. "पोरगी खुळी हाय, माफ करा." मी तिला दंडाला धरून उठवलं. टेंपोतून उतरताना ती म्हणाली, "तुझ्या बापाला काय फरक पडनार होता गं आता?"

आठवड्याभरात तिचं काम सुटलं.

आणि मग फोनवर व्हिडिओ आला. मी उभी, विटक्या साडीत. माझे ओठ हलतायत, आवाज काढून टाकलेला. वर बासरी, बाईंचा स्वच्छ आवाज. "या बहिणीचं घर दारूत बुडालं होतं." आईनं तो पाहिला. पुन्हा पाहिला. मग फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "जा. इचार त्यांना."

मी सकाळी हॉलमध्ये गेले. वाचन संपेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाका."

बाई म्हणाल्या, "आपण त्यावर प्रार्थना करू."

"प्रार्थना नंतर. आधी व्हिडिओ काढून टाका."

त्यांनी तो काढून टाकला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तेव्हापासून रोज जाते, कामावर जायच्या आधी. मागं नाही बसत, पुढच्या सतरंजीवर बसते. वाचन झालं, मनन झालं की उभी राहते आणि सांगते, माझ्या बापाचं नाव दावीद, तो दारू पीत नव्हता. कुणी खाली बघतं, कुणी उठून जातं. एकदा दार लावून घेतलं, तर मी बाहेरून ओरडून सांगितलं.

व्हिडिओ निघेपर्यंत मी येणार. निघाल्यावर पण येणार. तेव्हा वाचन मी करणार.