मूळ स्रोत अज्ञात, हेतू संशयास्पद

हे पांडुरंगा, कमरेवर हात ठेवून तू सगळ्यांचे सगळे पाहतोस. तेव्हा माझी ही फजितीही तू पाहिलीच आहेस. तुला दंडवत घालून, तुझ्या देखत ती जशीच्या तशी सांगतो. काही लपवले, तर आमच्या सौभाग्यवती शेजारीच बसल्या आहेत, त्या दुरुस्त करतीलच.

मंडळी, चहा हातात घ्या आणि ऐका. माणसाने संशयी असावे, पण किती? मी असा संशयी, की चाळीस वर्षांच्या दिल्लीवासात जो रिक्षावाला घासाघीस न करता ‘बैठिये जी’ म्हणाला, त्याच्या रिक्षात मी कधी बसलो नाही. आणि अशा माणसाने गेल्या महिन्यात कोणाला चोर ठरवावे? थांबा, क्रमाने सांगतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी फरीदाबादच्या घरी दोनच कामे करतो. सकाळी पूजा आणि संतवचनांचा पाठ. त्यानंतर संगणकाची सेवा. सेवा म्हणजे काय? जगभरातले लोक मंडळ करून, वर्गणीशिवाय, पगाराशिवाय संगणकाची एक कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालवतात. ती कोणीही घ्यावी, वापरावी, उघडून पाहावी. तिच्यात वेब सेवा तयार करण्याच्या साधनांचा एक संच आहे. एका संगणकाने दुसऱ्याला दुरून प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, अशी व्यवस्था उभारायला तो लागतो. हा संच नीट बांधून कार्यप्रणालीच्या स्वाधीन करणे, हे माझे काम. मी ते नैवेद्याच्या ताटासारखे करतो. काय डावीकडे, काय उजवीकडे, कशावाचून काय अडेल, सगळे ठरलेले. आणि कोणताही नवा कागद असो वा फाइल, आरंभी ‘श्री’ लिहिल्यावाचून माझा हात पुढे जात नाही. ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा.

तर दोन वर्षांपूर्वी अस्मिता जाधव नावाच्या कोणा मुलीचे पत्र आले. वडील फौजेत सुभेदार, बालपण दिल्ली कँटोन्मेंटमध्ये, नोकरी गुरुग्रामला, राहणे करोल बागेत. संचातल्या दोन चुका तिने सुधारून पाठवल्या होत्या. पत्र इंग्रजीत, पण शेवटी देवनागरीत तीन शब्द: राम कृष्ण हरी.

मी चपापलो. त्या मंडळात मी जन्मात इंग्रजीखेरीज एक अक्षर लिहिलेले नाही. मी कोण, काय जपतो, हे हिला कसे ठाऊक? म्हणजे हिने माझी चौकशी केली असणार. चौकशी कोण करतो? ज्याला विश्वास संपादन करायचा असतो, तो!

पुढे संशय वाढतच गेला. ती उत्तर तत्काळ देई. मी खोचक लिहिले, तरी रागावत नसे. उलट दर महिन्याला विचारी, तुमचे थोडे ओझे मी उचलू का? आता तुम्हीच सांगा, फुकटचे ओझे उचलायला इतके उत्सुक कोण असते? दोन वर्षे गोड वागून मग संचात हळूच विष कालवणारे लोक असतात, असे मी ऐकून होतो. आमच्या हिला म्हटले, ती मुलगी फार चांगली आहे, मला भीती वाटते. ही म्हणाली, “सून निवडतानाही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

गेल्या महिन्यात कार्यप्रणालीची नवी आवृत्ती निघणार होती. रविवारपर्यंत संच पोहोचला तर आत, नाही तर पुढची दोन वर्षे बाहेर. त्याच सुमारास अस्मिताने मंडळाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला होता आणि शिफारस माझीच हवी होती. म्हणून मी तिच्या हातून गेलेली प्रत्येक फाइल भिंगातून पाहू लागलो.

आणि सापडली की हो ओळ! संच बरोबर चालतो की नाही हे तपासणाऱ्या फाइलीत, रोमन अक्षरांची नि आकड्यांची एक लांबलचक ओळ. अर्थ काही लागत नव्हता. तीच ती अक्षरे जपमाळेतल्या मण्यांसारखी फिरून फिरून येत होती. त्या फाइलीला शेवटचा हात कोणी लावला? नोंद पाहिली: अस्मिता जाधव.

ओळ उघडून पाहण्याचा मार्ग होता. एका आज्ञेचे काम. पण मेट्रोत रोज काय सांगतात? लावारिस वस्तूला हात लावू नका, अधिकाऱ्यांना कळवा. मी हात लावला नाही. अधिकाऱ्यांना कळवले. साऱ्या जगाला वाचता येईल अशा मंडळाच्या पत्रसूचीवर, म्हणजे मेलिंग लिस्टवर, मी लिहिले, की अमुक फाइलीत कुलूपबंद मजकूर आढळला आहे, मूळ स्रोत अज्ञात, हेतू संशयास्पद. खाली अस्मिताचे नाव, आणि खुलासा होईपर्यंत तिचा अर्ज रोखावा ही विनंती. तासाभरात संच अडकला, तिचा अर्जही अडकला.

तिचे उत्तर आले, एका ओळीचे: काका, शनिवारी भेटू या का?

भेट तशीही व्हायचीच होती. आमच्या मंडळात रीत अशी, की शिफारस करण्याआधी समोरासमोर बसायचे, एकमेकांचे ओळखपत्र पाहायचे, मगच एकमेकांच्या संगणकी सहीला दुजोरा द्यायचा. मी करोल बागेतले एक गजबजलेले मिठाईचे दुकान ठरवले. गजबजलेले अशासाठी, की काही बरेवाईट झाले तर साक्षीदार असावेत. ही म्हणाली, मीही येते, मला ब्लाउजपीस घ्यायचे आहेत. मंडी हाउसला मेट्रो बदलून आम्ही पोहोचलो.

मुलगी आधीच येऊन बसली होती. उठून दोघांच्या पाया पडली. मी मनात म्हटले, हेही शिकून आली आहे!

मी तिचे ओळखपत्र घेतले. उजेडाकडे धरले. छायाचित्र आणि चेहरा तीनदा ताडून पाहिला. वडिलांची पलटण विचारली, आजोळ विचारले. ती सातारा म्हणाली, तेव्हा साताऱ्यात कुठे तेही विचारले. तिने सगळे शांतपणे सांगितले, आणि मग म्हणाली, “काका, आता तुमचं कार्ड?”

मी ऐटीत पाकीट उघडले. कार्ड काढून दिले. तिने पाहिले, माझ्याकडे पाहिले, हिच्याकडे पाहिले, आणि अदबीने कार्ड हिच्या हातात ठेवले. आदल्या दिवशी हिचे डोळे तपासायला हिंदूराव रुग्णालयात गेलो होतो, तेव्हापासून हिचेच कार्ड माझ्या पाकिटात होते. माझे घरी, देव्हाऱ्याच्या खणात.

“हे तेच आहेत गं,” ही म्हणाली. “सेहेचाळीस वर्षं ओळखते.”

“काकू, मला बिल्कुल डाउट नाही,” अस्मिता म्हणाली, “पण रूल्समध्ये बायकोची साक्ष चालत नाही.”

म्हणजे पाहा. चोर पकडायला आलेला मी, आणि त्या टेबलावर ज्याची ओळख पटत नव्हती असा माणूस एकच!

घसरलेला तोल सावरायला मी आवाज चढवला आणि त्या ओळीचा जाब विचारला. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“काका, तुम्ही ती ओपन करून बघितली का?”

“विष चाखून पाहायचे नसते,” मी म्हणालो.

“मग मी उघडते. तुम्ही वाचा. मोठ्यानं.”

तिने कळ दाबली. पडद्यावर अक्षरे उमटली, आणि मी चष्मा पुसून भर दुकानात मोठ्याने वाचू लागलो: “श्री. विठ्ठला, ही शिदोरी तुझ्या पायाशी. जशी निघाली तशी पोहोचू दे, वाटेत एक कानामात्राही सांडू देऊ नको. राम कृष्ण हरी.”

पहिला शब्द वाचतानाच मला लिहिणारा ओळखू आला होता.

ही ओळ माझी होती! नऊ वर्षांपूर्वी, हे काम अंगावर घेतले तेव्हा मीच लिहिलेली. त्या काळी हा संच देवनागरीची पार दाणादाण करी. म्हणून मजकूर रोमन अक्षरांच्या कुलुपात घालून पाठवायचा आणि पलीकडे सुखरूप उघडतो का पाहायचे, ही तपासणी मीच रचली होती. अस्मिताने फक्त फाइलीतल्या ओळी सरळ केल्या होत्या. नोंदीत तिचे नाव वरचे. त्याच्या खालचे नाव पाहायला आणखी एक कळ दाबावी लागते. ती मी दाबली नव्हती.

“मी पहिल्याच आठवड्यात उघडली होती,” ती म्हणाली. “दिल्लीत मराठी कोण वाचतं, काका? मला इतकं छान वाटलं. म्हणून तर लेटरच्या शेवटी तसं लिहिलं. मला वाटलं, तुम्ही ओळखाल.”

त्यावर ही म्हणाली, “रोज सकाळी तासभर ज्याला हाका मारता, तो नऊ वर्षं तुमच्याच घरात बसला होता. वेष बदलून आला, तर पोलिसांत दिलात!”

त्याच टेबलावर, तिच्याच लॅपटॉपवर मी जाहीर क्षमापत्र लिहिले आणि तिची शिफारसही. रविवारी संच आत गेला, आठवड्याने ती सदस्य झाली. माझ्या सहीला मात्र तिने दुजोरा दिला नाही. कार्ड नव्हते ना! पुढच्या शनिवारी पुन्हा करोल बागेत जाऊन, दोन्ही बाजूंनी तपासलेले माझे स्वतःचे कार्ड मी तिच्यापुढे ठेवले. तिनेही ते उजेडाकडे धरले. अगदी तीनदा. आता या संचाला आम्ही दोघे जबाबदार आहोत. माझ्या नव्या फाइलीवर तिचा पहिला शेरा असा आला: ‘श्री राहू द्या काका, पण पुढच्या ओळीत हे काय आहे आणि कोणी लिहिलं, तेही लिहा.’

त्या सूचीवरची पत्रे पुसता येत नाहीत. विठ्ठलाच्या नावापुढे ‘मूळ स्रोत अज्ञात, हेतू संशयास्पद’ असा माझ्या सहीचा शेरा आता कायमचा राहणार. आणि रोज सकाळी मी डोळे मिटून नामस्मरणाला बसलो, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, “काय हो, स्रोत कळला का?”

ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे कल्याण असो. तुमच्या घरी देव कोणत्याही रूपात आला, तरी त्याला आधी चहा मिळो आणि ओळखपत्र मागाहून विचारले जावो. घरोघरी लेकीसुना आनंदात राहोत, आणि त्यांच्यावर संशय घेणाऱ्या म्हाताऱ्यांना वेळेवर चष्मा सापडो.