रविवारी सुट्टी घेणारा हेर

पिंपळे गुरवच्या एका तीन मजली सोसायटीत राहणाऱ्या गिरजाबाईंना कुणी मुलाबाळांचं विचारलं, की त्या एकच मुलगी आहे म्हणून सांगत. मिनल, मारुंजीला दिलेली. वास्तविक त्यांना चांगला उंचापुरा मुलगाही होता, सनी नावाचा. पण चाकणच्या कंपनीतली परमनंट नोकरी सोडून तो वेल्डिंगच्या कामाला रोमानियाला निघाला, तेव्हापासून बाईंनी त्याला मोजायचं सोडून दिलं होतं, आणि तो कुठल्या देशात गेला हे सोसायटीत कुणाला सांगितलंही नव्हतं. बाईंचे यजमान किसनराव जन्मभर टेंपररी राहिले आणि टेंपररीच गेले. सनी परमनंट झाला तेव्हा बाईंनी त्यांच्या फोटोला हार घालून अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले होते, आणि तीच नोकरी हा पठ्ठ्या लाथाडून चालला होता. गेलास तर फोन करू नकोस, असं बाईंनी बजावलं. पोरगा आईवरच गेलेला. त्याने खरंच केला नाही.

दोन वर्षं दोघंही हट्टाला पेटलेली. सनीची खुशाली मिनल सांगायची, आणि ती सांगायला लागली की बाई मुद्दाम मिक्सर लावायच्या.

बाईंचा डब्यांचा धंदा होता. हिंजवडीतल्या सड्याफटिंग पोरांना पोळीभाजी. रोज सकाळी सातला पिशव्या घेऊन त्या गेटवर उभ्या राहत, रिक्षावाला हमखास उशीर करी, आणि बाई कडाकडा बोटं मोडत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. हे सगळं गेटवरच्या कॅमेऱ्याखाली चाले. तो कॅमेरा सनीनेच बसवलेला. सोसायटीची रीतच अशी, की घरचा पोरगा असताना बाहेरचा माणूस बोलवायचा नाही. त्याने एका सुट्टीत चारही कॅमेरे बसवले, पासवर्ड टाकला, सगळ्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तो पासवर्ड पुढे बदलायचा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मग सीमेवर चकमक झाली आणि सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव यांच्या अंगात युद्ध संचारलं. निवृत्त झाल्यापासून ते घरच्या माणसांपेक्षा बातम्यांच्या चॅनेलचं जास्त ऐकत. शत्रू आता बॉम्ब टाकत नाही, कॅमेऱ्यातून बघतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं, आणि जिन्यातला, पार्किंगमधला, गच्चीवरचा, गेटवरचा असा एकेक कॅमेरा त्यांना परक्या देशाचा हस्तक वाटायला लागला. त्यांनी आरिफला तपास करायला सांगितलं. आरिफ दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि नोकरीतही कंप्युटरच्या सुरक्षेचं हेच काम करायचा. त्याने तपासलं आणि जे सापडलं ते लगोलग अध्यक्षांच्या कानावर घातलं. अशी गोष्ट दुसऱ्या कुणी आधी शोधली असती तर संशय कुणाच्या दारात आला असता, हे आरिफ नावाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंग भरली. आरिफने सांगितलं, की गेटचा कॅमेरा परदेशातून कुणीतरी बघतंय. रोज सकाळी, सातच्या सुमाराला, रोमानियातून.

पहिला प्रश्न आला तो रोमानिया कुणाच्या बाजूचा. एकजण म्हणाला रशियाच्या, दुसरा म्हणाला छे, तो अमेरिकेच्या गोटातला. उद्धवराव म्हणाले, बाजू कुठलीही असो, आपली प्रगती सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपते. ज्या गेटची कडी गणपतीपासून तुटलेली आहे त्या गेटवर एका अख्ख्या देशाने नजर ठेवावी, याचा खरं म्हणजे सगळ्यांना थोडा अभिमानच वाटत होता. बाकीच्या कॅमेऱ्यांकडे मात्र हेर ढुंकूनही बघत नव्हता, आणि रविवारी तर मुळीच येत नव्हता. उद्धवरावांनी त्याचाही अर्थ लावला. रविवारी सुट्टी घेतो, म्हणजे नक्कीच सरकारी माणूस.

गिरजाबाई मागे बसून उद्याच्या भाजीचे मटार सोलत होत्या. रविवार म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. रविवारी डबे बंद असतात.

त्यांनी आरिफला विचारलं, आपल्याकडे सात वाजतात तेव्हा तिकडे काय असतं. आरिफ म्हणाला, "उजाडलेलंही नसतं, मावशी."

बाईंनी हातातली शेंग तशीच परातीत टाकली. फर्स्ट शिफ्टसाठी ज्याला तोंडावर पाणी मारून उठवावं लागे, तो पोरगा परमुलखात अंधारात उठत होता, आणि कशासाठी, तर रिक्षावाल्याच्या नावाने शंख करणारी आपली आई बघायला.

तिकडे उद्धवराव ठराव सांगत होते. उद्याच्या उद्या सायबर पोलिसांत तक्रार. तक्रार झाली की सनीचं नाव निघणार, व्हिसा, काम, सगळं धोक्यात येणार. आणि ती थांबवायची तर दोन वर्षं ठासून सांगितलेलं सगळ्यांदेखत गिळावं लागणार. गिरजाबाईंना हे दुसरं जास्त जड जात होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तरी त्या परात बाजूला सारून उठल्या.

"तक्रार करू नका. त्यो हेर न्हाई, माझा सनी हाय."

उद्धवराव चाचरले. "पण तुम्हीच तर सांगता ना, एकच मुलगी म्हणून?"

"दोन लेकरं हायेत," बाई म्हणाल्या.

हातातोंडाशी आलेलं शत्रुराष्ट्र असं निसटल्यामुळे उद्धवरावांचा चेहरा पडला. तक्रार बारगळली. पासवर्ड मात्र बदलायचाच असं ठरलं, आणि ते योग्यच होतं. आरिफ फक्त एवढंच म्हणाला, की उद्या डबे गेल्यावर बदलतो.

सोमवारी बाई ठेवणीतली साडी नेसून खाली आल्या. डब्यांच्या पिशव्या कट्ट्यावर ठेवल्या, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली. परमनंट नोकरीपासून सुरुवात करून त्या किसनरावांवर आल्या, तिथून तिकडच्या थंडीवर, तिथून तो काय खातो आणि लग्नाचं काय यावर. हातवारे असे, की आलेल्या रिक्षावाल्याला हॉर्न द्यायचा धीर झाला नाही. मध्येच त्यांना रडू आलं, तेही त्यांनी कॅमेऱ्याकडे बघतच उरकलं.

आरिफ ऑफिसला निघालेला, अवघडून बाजूला उभा होता. बाई थांबल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, या कॅमेऱ्याला आवाज येत नाही."

"म्हाईत हाय मला," बाई म्हणाल्या. "सनीच म्हणला व्हता. आवाजाचा महाग पडत व्हता, सोसायटीनं घेतला न्हाई."

तेवढ्यात त्यांच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. नंबर बाहेरचा, लांबलचक. बाईंनी तो जरा वाजू दिला. पहिला फोन कुणी केला हे अख्ख्या सोसायटीला कळायला हवं होतं.

"आई, काय म्हणत होतीस? काहीच ऐकू आलं नाही."

"मग ऐक आता," गिरजाबाई म्हणाल्या, आणि कट्ट्यावर बसून त्यांनी पुन्हा परमनंट नोकरीपासून सुरुवात केली.