नळीवरचं लाकूड

खंडेनवमीच्या दिवशी अण्णांनी पाटावरच्या रायफलीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही कोणाची हाय?" त्या दिवसानंतर त्यांनी माझ्याकडून काही वाचून घेतलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मी माजलगावच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. नवरा गेल्यावर तेलगावला माहेरी येऊन राहिले आणि तेव्हापासून बसनं जाते-येते. संध्याकाळी घरी आलं की अण्णांना आधी पेपर वाचून दाखवायचा, मग एखादं पुस्तक. बँकेचं पत्र, कारखान्याची उसाची पावती, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं माझ्या तोंडून त्यांच्याकडं जायचं. मी वाचलेलं त्यांनी कधी दुसऱ्याला विचारून पाहिलं नाही. नवरा गेल्यानंतरच्या दिवसांत मला उभं राहायला एवढीच एक जागा होती, असं आता वाटतं.

रायफल आजोबांची. निजामाचं राज्य गेलं, फौजेतली हत्यारं विक्रीला निघाली, तेव्हा त्यांनी परवाना काढून ती घेतली, असं घरात सांगत. लांब आणि जड. लष्करी रायफलीला नळीच्या वरच्या अंगालाही लाकूड असतं, जवळजवळ तोंडापर्यंत, शिपायाचा हात भाजू नये म्हणून. तिच्या टोकाला संगीन अडकवायचा लोखंडी कान होता. उसात रानडुकरं शिरतात म्हणून परवाना पुढं अण्णांच्या नावावर चालत आला, पण तिचा बार मी लहानपणीच काय तो ऐकला. एरवी ती कपाटात असायची आणि खंडेनवमीला बाहेर यायची. कोयते, विळे, पहार, धान्याचा जुना तराजू, आणि त्यांच्या मधोमध ती. अण्णा स्वतः तिला घाण्यावरचं करडीचं तेल लावत, मग हळदकुंकू वाहत. नजर गेल्यावरही ते काम त्यांनी कोणाला दिलं नाही. खांद्याला लावायच्या दस्त्यापासून सुरुवात करून लाकडावरून हात नेत नेत टोकाच्या कानापर्यंत जायचे. मग गोळी भरायच्या बोल्टजवळ कोरलेला नंबर नखानं चाचपून एकेक आकडा मोठ्यानं म्हणायचे.

करडीचं तेल लोखंडावर वाळतं आणि डिंकासारखं धरून बसतं, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं थरावर थर चढले, त्यात कुंकू. गेल्या वर्षी बोल्ट हलेनासा झाला.

"अण्णा, शहरात एक कारागीर हाय, लायसनवाला," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "साफ करून आणतो."

"साफच करून आण. दुसरा हात लावू दिऊ नको," अण्णा म्हणाले, आणि कपाटाची किल्ली त्याला द्यायला मला सांगितलं.

धाकटा बांधकामाची कंत्राटं घेतो आणि पुढाऱ्यांच्या गाड्यांमागं आपली गाडी पळवतो. परवान्यावर अण्णांबरोबर त्याचंही नाव चढवलेलं होतं, त्यामुळं त्यानं नेण्यात वावगं काही नव्हतं. नवरात्राच्या थोडं आधी त्यानं ती चेनच्या पिशवीत घालून आणली, स्वतः कपाटात ठेवली आणि किल्ली मला परत दिली.

खंडेनवमीच्या सकाळी मी पिशवी उघडली. नळीवरचं सगळं लाकूड गेलेलं होतं. खालचं अर्ध्यातच कापून गोल केलेलं. संगिनीचा कान कानशीनं घासून नाहीसा केलेला. दस्ता नवा, चकचकीत, गाल टेकायला उंचवटा काढलेला, मागं रबराची गादी. लोखंड पॉलिश करून निळंकाळं झालेलं, आणि वर दुर्बीण बसवायच्या पट्ट्या.

धाकटा अंगणात गाडी धूत होता.

"हे काय केलंस?"

"शिकारी रायफल म्हणत्यात हिला, ताई. कारागीर म्हणला, तुमची रायफल गंजानं न्हाई, भक्तीनं जाम झालीय." तो हसला. "ते धूड घेऊन कोण हिंडणार? आता गाडीत दिसली तर चार माणसं वळून बघत्याल."

"अण्णांनी साफ करायला सांगितलं होतं. लाकूड कुठाय?"

"कारागिराकडंच. चुलीत गेलं आसंल. हे बघ, कागद सगळे रीतसर हायेत. तू काय बोलू नको. पूजा हुतानाच मी सांगतो त्यांना बरोबर."

मी रायफल पाटावर नेऊन ठेवली. लहानपणी काही फुटलं-सांडलं तर तो आपण होऊन सांगून मोकळा व्हायचा. मी त्याच मुलावर विसंबले.

अण्णा पाटासमोर बसले. तेलाची वाटी त्यांच्या उजव्या हाताला ठेवली. त्यांनी दस्त्याला हात लावला, रबरापाशी थांबले, उंचवट्यावरून पुढं आले. लाकूड संपलं आणि हात एकदम लोखंडावर पडला. तो त्यांनी मागं घेतला, परत नेला. मग बोटांचा वास घेतला.

"ही कोणाची हाय?"

मी धाकट्याकडं पाहिलं. तो कोयत्यांवर झेंडूची फुलं मांडत होता.

"आपलीच हाय, अण्णा," शेवटी मी म्हणाले. "लाकूड कापलंय. दस्ता नवा बसवलाय."

"कुणी?"

"ह्यानं नेली होती ना..."

"मी साफ करून आणून ठिवली की," धाकटा फुलांवरची नजर न काढता म्हणाला. "किल्ली ताईकडं असती, अण्णा." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी काळजीनं, "ताई, तू कुणाला दाखवायला दिलतीस का?"

अण्णांनी बोल्टजवळ नख नेलं. पॉलिशच्या चाकावर तो भाग इतका घासला होता की आकडे डोळ्यांना फिकट दिसत होते, बोटाला लागत नव्हते.

"नंबर न्हाई हिच्यावर."

"हाय, अण्णा. घासलाय फक्त. मी वाचते." मी वाचला. तोच नंबर, त्यांना पाठ असलेला, मलाही पाठ असलेला.

"वाचणारी तूच," अण्णा म्हणाले.

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली आणि हात धुवायला पाणी मागितलं. माझ्याकडं नाही, धाकट्याकडं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारचे निवृत्त तलाठी पेपर वाचायला येऊ लागले. मी स्वयंपाकघरात बसून ऐकायची. ते अवघड शब्द गाळून पुढं जात आणि अग्रलेख वाचतच नसत. अण्णा काही म्हणत नसत.

मी धाकट्याला पुन्हा पुन्हा म्हटलं, सांग त्यांना.

"सांगतो की. लायसन माझ्या एकट्याच्या नावावर करायचं चाललंय. आत्ता कापली म्हणून सांगितलं तर सही देतेल का ते? एकदा होऊ दे. मग तुझ्यासमोर पाया पडून सांगतो."

मीही अण्णांना सांगून पाहिलं, दोनदा, तो घरी नसताना. पहिल्यांदा ते ऐकून घेऊन कुशीवर वळले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ल्योक बापाचं हत्यार कापंल का?" ती विकून मी कोणाची तरी दुसरी आणून ठेवली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कशासाठी विकली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

थंडीत त्यांची छाती भरली. दवाखान्यातून घरी आणल्यावर औषध मीच देत होते. मी बाटलीवरचं नाव वाचलं की ते तोंड मिटून घेत आणि धाकट्याला हाक मारत. तो यायचा, बाटलीकडं न बघता म्हणायचा, "बरोबर हाय, घ्या." मग ते घेत. असेच ते गेले.

तेराव्याला जेवणं झाल्यावर धाकटा मंडपात मोबाईल काढून बसला. शिरूर कासारहून आलेल्या आमच्या मामांना फोटो दाखवत होता, कापण्याआधीची रायफल आणि नंतरची.

"लई भारी केलीस बे," मामा म्हणाले. "दाजींनी बघितलं का हे?"

"हात लावून बघितलं की," धाकटा म्हणाला.

मी पत्रावळी उचलत होते. त्यानं मला पाहिलं, आणि मामांना पुढचा फोटो दाखवला.

परवानाधारक गेल्यामुळं रायफल आता पोलीस ठाण्यात जमा आहे. परवाना एकट्या धाकट्याच्या नावावर व्हायचा अर्ज कचेरीत पडून आहे. अण्णा काय समजून गेले ते आम्हा दोघांनाच माहीत आहे, आणि आम्ही एकाच घरात राहतो.