साठला एक कमी

त्या रस्त्याने गेले की मी अजूनही एका झाकणाला वळसा घालते. डांबरात बसवलेलं लोखंडी झाकण आहे, त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने 59 लिहिलंय. पाऊस नसला की ते चेंबर आता कोरडं असतं. मी स्वतः वाकून पाहिलंय. तरी जवळ गेलं की आतून पाण्याचा बारीक आवाज येतो. तो इतरांनाही येतो का, हे मी कोणाला विचारलेलं नाही.

नाशिकच्या कडेला, नव्या कॉलन्यांच्या मागे, एक तळं आहे. कॉलनीतल्या रस्त्यांवरचं पावसाचं पाणी पावसाळी गटारांतून तिथे जातं. तेवढंच जायला हवं होतं, पण मधल्या वर्षांत कितीतरी इमारतींनी संडास-मोरीचे पाइप गुपचूप त्याच गटारांना जोडले होते. ते जोड शोधायचे, बुजवायचे, घाण पाणी ड्रेनेजच्या लाइनला वळवायचं आणि तळ्याच्या तोंडाशी गाळ अडवणारी टाकी बांधून पुढे पाणी साफ करायला कर्दळ लावायची, असं ते काम होतं. माझी पहिली नोकरी. माझ्याकडे वही होती.

जोड शोधायची पद्धत साधी होती. एक माणूस घराघरांतल्या संडासात हिरव्या रंगाची पुडी ओतून पाणी सोडायचा. मुकादम रस्त्यावरची झाकणं उचलून बघत पुढे जायचे. रंग जिथे पहिल्यांदा दिसेल त्या चेंबरचा नंबर ते ओरडून सांगायचे आणि मी तो लिहायचा. माझी यादी मग गवंड्यांकडे जायची.

मुकादम घोटीकडचे होते, पन्नाशीचे. डोक्याला टॉवेल, शर्टाच्या खिशात तंबाखूची डबी. मी त्यांना काका म्हणायचे. झाकणावरचे आकडे इंग्रजी होते, पण ते वाचायचे मराठीत. पहिल्याच दिवशी ते ओरडले, "सदतीस!" आणि मी विचारलं, "म्हणजे किती?"

सगळे हसले. पुडीवाला तर झाकणावर बसूनच हसला.

"ताई, इंग्लिश मिडियम का?" काका म्हणाले. "मराठी मानूस ना तुम्ही?"

"लिही गं, थर्टी सेव्हन," सर म्हणाले. सर म्हणजे आमचे साइट इंजिनियर. तेही हसत होते.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मी विचारलं नाही. शाळेत मराठी हा विषय मी पाठ करून काढला होता. घरी आकडे इंग्रजीतच चालायचे, दूध, बसचा नंबर, सगळं. मी अंदाजाने लिहू लागले. शंका आली की लांबून काकांच्या पायाशी कुठलं झाकण आहे ते बघायचे आणि जुळवायचे.

एका दुपारी ते वळणापलीकडे होते. मी करंजाच्या सावलीत उभी. मध्ये पाण्याचा टँकर थांबलेला. पलीकडून आवाज आला, "एकोणसाठ! हिरवं लय हाय!"

एकोण म्हणजे नऊ असावं, साठ म्हणजे साठ. मी 69 लिहिलं. पुढे चार पावलं जाऊन बघायचं होतं. मी गेले नाही, ऊन होतं.

गवंड्यांनी 69 मधला पाइप सिमेंटने बुजवला. तो एका बंगल्याच्या गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा होता. पावसाळ्यात त्या बंगल्याच्या अंगणात पाणी तुंबलं आणि मालकांनी फोन केला. त्याच आठवड्यात तळ्यातले मासे वर आले. काही दिवस पाऊस थांबला होता, मग एक जोरदार सर आली आणि गटारात साचलेलं सगळं एकदम तळ्यात गेलं. सकाळी काठाशी पांढऱ्या पोटांची एक रांग होती. आमची नवी कर्दळ त्यांच्यामागे टवटवीत उभी होती. वास माझ्या ओढणीला दोन दिवस राहिला.

सरांनी काकांना टाकीजवळ बोलावलं. माझी वही त्यांच्या हातात उघडी होती.

"सिक्स्टी नाइनमध्ये रंग होता म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? तिथे तर काहीच नाही. मग घाण येतीये कुठून?"

काकांनी वहीकडे पाहिलं. इंग्रजी आकडे त्यांना येत होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी टाकीच्या जाळीत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मोजत होते.

"चुकलं असंल माझंच, सायेब," ते म्हणाले.

मी तेव्हा बोलू शकत होते. घशात वाक्य तयार होतं, तेही इंग्रजीत. सर काकांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." काकांना एवढं अपेक्षित नसावं. ते डबा घ्यायला आले. डबा माझ्या शेजारी ठेवलेला होता.

"ताई," ते हळू म्हणाले, "एकोणसाठ म्हंजी साठला एक कमी. ध्यानात ठेवा."

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी 59 समोरच्या इमारतीत गेले. तळमजल्यावरच्या काकूंना सांगून त्यांच्या संडासात पुडी ओतली आणि तळ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग पाण्याला हिरवी रेघ आली. ती रुंद झाली, टाकीतून पुढे आली, कर्दळीच्या मुळांतून वाट काढत तळ्यात पसरली. इतकं हिरवं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. आजही डोळे मिटले की आधी तोच रंग येतो.

मी सरांना सांगितलं. "सर, नंबर मी चुकीचा लिहिला होता. काकांनी बरोबर सांगितला होता."

ते फोनवरून मान वर न करता म्हणाले, "बरं झालं सापडलं. आजच बुजवून टाकू."

"आणि काका?"

"रिपोर्ट वर गेलाय त्यांच्या नावाने. आता परत तुझं नाव कशाला घालायचं? पहिलाच जॉब आहे तुझा."

मी म्हटलं, "घाला." बहुतेक फार हळू म्हटलं. त्यांनी मान वर केली, हसले आणि परत फोनकडे वळले.

59 बंद झालं. पुढच्या पावसात तळ्याला वास आला नाही. मी काकांना फोन लावला, तो एका बाईंनी उचलला. ते घरी नव्हते, सुरगाण्याकडे कुठल्या रस्त्याच्या कामावर गेले होते, फोन घरीच ठेवून.

"काय निरोप देऊ?"

मी ठरवलेली माफी सगळी विसरले. "एकोणसाठ बंद झालं म्हणावं."

"किती?"

"एकोणसाठ. साठला एक कमी."

मागे कुकरची शिट्टी झाली. "बरं," त्या म्हणाल्या. "सांगते."

निरोप पोचला का, मला माहीत नाही. परत फोन करायचं धाडस झालं नाही. या वर्षी आम्ही दुसऱ्या बाजूच्या गटारांचं काम घेतलं, तिथे झाकणांचे नंबर परत एकपासून. तिथला मुकादम दुसरा आहे, आकडे इंग्रजीतच सांगतो. एके दिवशी तो "फिफ्टी एट" म्हणाला आणि पुढच्या झाकणाकडे गेला. त्याने ते अजून उचललं नव्हतं, तेवढ्यात मागून, टँकरपलीकडून यावा तसा, काकांचा आवाज आला, "एकोणसाठ!" रस्त्यावर टँकर नव्हता.

मी वहीत 59 लिहिलं, पुढे तोच आकडा मराठी अक्षरांत लिहिला, आणि झाकणापर्यंत चालत गेले.